पुण्यात आयटीच्या नोकऱ्या घटल्या का? आकडा सांगण्याआधी काय मोजताय ते बघा



पेटची तयारी करणाऱ्या तीन-चार जणांनी गेल्या काही महिन्यांत मला जवळजवळ सारखाच प्रश्न विचारलाय. "ताई, पुण्यातल्या आयटी क्षेत्रातील भरतीचे बदलते कल, या विषयावर सिनॉप्सिस लिहू का?" विषय चांगलाच आहे. घराघरात त्याची चर्चा आहे, गाइडलाही पटेल. पण मी पुढचं विचारते, "डेटा कुठून घेणार?" आणि उत्तर येतं, "नोकरीच्या साइटवरून. किती जाहिराती पडतात ते मोजायचं, झालं."

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं आणि सपशेल आपटले होते. तुम्ही आपटू नये म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण आकडेमोड सातवीच्या पुढची नाही.

माझी रेषा आणि सरांचा प्रश्न

मी एमएस्सी केलं संख्याशास्त्रात. त्यामुळे आकडे हातात आले की निम्मं काम झालं, असा माझा समज होता. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो रोज सकाळी नोकरीच्या साइटवर जाऊन 'पुणे' आणि 'सॉफ्टवेअर' हे शब्द असलेल्या जाहिराती मोजायचा. काही महिन्यांनी आलेख काढला, तर रेषा छान खाली उतरत होती. प्रगती अहवालाच्या सेमिनारमध्ये मी ती पडद्यावर दाखवली आणि ठणकावून सांगितलं, "पुण्यातल्या आयटी नोकऱ्या झपाट्याने कमी होत आहेत."

आमचे सर शांतपणे म्हणाले, "ही रेषा नोकऱ्यांची आहे की जाहिरातींची?"

मी म्हटलं, "सर, एकच ना?"

पुढची वीस मिनिटं माझ्यासाठी फार सुखाची नव्हती. एका जाहिरातीमागे किती जागा आहेत? एकच जागा कंपनीने स्वतः टाकली आणि तीन कन्सल्टन्सींनीही टाकली, तर तुम्ही ती चार वेळा मोजलीत का? 'पुणे / बेंगळुरू / हैदराबाद' अशी जाहिरात कुणाच्या खात्यात धरली? वर्षभर तशीच लटकत ठेवलेली, फक्त बायोडेटा गोळा करणारी जाहिरात कशी ओळखली? कॅम्पसमधून किंवा ओळखीच्या रेफरलने झालेली भरती यात कुठे आहे? एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या रात्री मी माझ्याच डेटातल्या शंभर जाहिराती उघडून एकेक करून वाचल्या. हे काम मी पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. तुम्ही कुठलाही डेटा घ्या, आधी शंभर नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. सॉफ्टवेअर नंतर.

खडकवासल्याचं उदाहरण

मला गोष्ट कळली ती पावसाळ्यातल्या पेपरमुळे. पुणेकरांना धरणाच्या बातम्या पाठ असतात. खडकवासल्यात साठा किती टीएमसी, आवक किती आणि विसर्ग किती क्युसेक. हे तीन वेगळे आकडे आहेत आणि आपण ते कधी एकमेकांत मिसळत नाही. विसर्ग कमी झाला म्हणजे धरण रिकामं झालं, असं कुणी म्हणत नाही.

रोजगाराचंही तसंच आहे. आज कामावर किती लोक आहेत, तो साठा. वर्षभरात किती जण नव्याने रुजू झाले, ती आवक. किती जण सोडून गेले किंवा काढले गेले, तो विसर्ग. साध्या भाषेत:

यंदाचा साठा = गेल्या वर्षीचा साठा + आवक − विसर्ग

'हायरिंग ट्रेंड' म्हणजे आवक. 'एम्प्लॉयमेंट ट्रेंड' म्हणजे साठा. बातम्यांमध्ये आणि खेदाने सांगायचं तर बऱ्याच सिनॉप्सिसमध्येही, हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. ते एकाच दिशेने जातील असं नाही, आणि एकाच वेगाने तर जवळपास कधीच जात नाहीत.

खऱ्या आकड्यांवर करून बघू

टीसीएसचे आकडे घेऊ, कारण कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि तेव्हा दर तिमाहीला कर्मचारीसंख्या आणि गळतीचा दर जाहीर करायची. गळती म्हणजे मागच्या बारा महिन्यांत नोकरी सोडून गेलेल्यांचं प्रमाण. हे आकडे पूर्ण कंपनीचे आहेत, फक्त पुण्याचे नाहीत, हे लक्षात ठेवा. त्यावर पुढे येतेच.

३१ मार्च २०२२ : ५,९२,१९५ कर्मचारी
३१ मार्च २०२३ : ६,१४,७९५ कर्मचारी, गळती २०.१ टक्के
३१ मार्च २०२४ : ६,०१,५४६ कर्मचारी, गळती १२.५ टक्के

आता वही घ्या. २०२२-२३ मध्ये सरासरी कर्मचारी साधारण ६ लाख ३ हजार. त्यातले २०.१ टक्के गेले, म्हणजे सुमारे १ लाख २१ हजार. तरीही वर्षअखेर संख्या २२,६०० ने वाढली. म्हणजे आत आले सुमारे १ लाख ४४ हजार.

२०२३-२४ मध्ये सरासरी ६ लाख ८ हजार. १२.५ टक्क्यांनी गेले सुमारे ७६ हजार. संख्या १३,२४९ ने घटली. म्हणजे आत आले फक्त ६३ हजारांच्या आसपास.

भरतीचे हे आकडे कंपनीने दिलेले नाहीत, माझी ढोबळ मांडणी आहे. गळतीचा दर आयटी सेवांपुरता असतो, गोलाकार केलेला असतो, आणि त्यात कोणाला धरायचं याची व्याख्या कंपनीची असते. पाच-दहा हजार इकडेतिकडे होतील. पण चित्र बघा. साठा घटला २ टक्क्यांच्या जरा वर. आवक घटली निम्म्याहून जास्त.

पहिला आकडा वाचणारा म्हणेल, "काही विशेष नाही, २ टक्के तर आहे." दुसरा वाचणारा म्हणेल, "आयटी संपलं." कंपनी तीच, वर्षं तीच.

यातली खरी गंमत गळतीत आहे. २०२१-२२ मध्ये लोक भराभर नोकऱ्या बदलत होते. एकाने नोकरी सोडली की त्याची जागा रिकामी, ती भरायला दुसऱ्या कंपनीतला माणूस घेतला की तिथली रिकामी, मग तिसरी. एका माणसाच्या उडीमागे पाच-सहा जाहिराती पडायच्या. बाजारात नवीन काम तेवढं वाढलं नसतानाही जाहिराती फुगायच्या. मग वारं फिरलं, लोक आहे तिथेच चिकटून बसले, साखळी तुटली आणि जाहिराती गायब झाल्या. माझी ती उतरती रेषा बऱ्याच अंशी या तुटलेल्या साखळीची असू शकते. मी तिला 'नोकऱ्या गेल्या' असं नाव दिलं होतं.

इन्फोसिसचंही बघा. मार्च २०२३ मध्ये ३,४३,२३४ कर्मचारी, मार्च २०२४ मध्ये ३,१७,२४०. जवळपास २६ हजारांची घट, म्हणजे साडेसात टक्क्यांहून अधिक. गळतीचा दर त्याच काळात २०.९ वरून १२.६ टक्क्यांवर आला. आवकेचा हिशेब तुम्ही करून बघा, उत्तर बघून दचकाल.

आणखी एक. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं आणि देशभर खळबळ उडाली. २०२३-२४ मधली घटही २ टक्क्यांचीच होती, पण ती मुख्यतः आवक रोखून झाली. साठ्याच्या आकड्यात दोन्ही सारख्याच दिसतात. एकीत आतले लोक बाहेर गेले, दुसरीत बाहेरचे आत आलेच नाहीत. पहिल्या प्रकाराची बातमी होते. दुसऱ्याची फार होत नाही, कारण आत न आलेल्या माणसाचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

माझा भाऊ कुठल्या आकड्यात आहे?

हे वाक्य मी असंच लिहिलं नाही. माझा धाकटा भाऊ २०२३ चा कॉम्प्युटर इंजिनिअर. त्याला विचारूनच हे लिहितेय. कॅम्पसमध्ये एका मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर मिळालं, घरी पेढे वाटले. जॉइनिंगची तारीख आली, पुढे गेली, परत पुढे गेली. वर्षभर तो माझ्याबरोबर धनकवडीतल्या खोलीवर राहिला आणि संध्याकाळी दहावीच्या सहा मुलांची गणिताची शिकवणी घ्यायचा. आई फोनवर विचारायची, "अगं, लागलाय ना तो नोकरीला?" मला उत्तर देता यायचं नाही. पण अभ्यास म्हणून बघितलं, तर वेगवेगळे डेटा त्याला कसं मोजतात हे बघण्यासारखं आहे.

कॉलेजची प्लेसमेंट यादी. इथे तो 'प्लेस्ड'. ऑफर लेटर मिळालं त्या दिवशी नोंद झाली, पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही. प्लेसमेंटची टक्केवारी वापरणार असाल तर ती ऑफरची आहे की रुजू झालेल्यांची, हे आधी विचारा.

कंपनीची कर्मचारीसंख्या. तो नाही. रुजू झालाच नाही, तर मोजणार कसा? आणि काढला गेला असंही नाही, म्हणून कपातीतही नाही.

नोकरीच्या साइटवरचे निर्देशांक. नोकरी डॉट कॉमचा जॉबस्पीक निर्देशांक दर महिन्याला येतो, त्यात शहरांचे आणि क्षेत्रांचे कल असतात. उपयोगी आहे, लवकर येतो. पण तो त्या साइटवरच्या भरतीच्या हालचालीवर बेतलेला आहे. कॅम्पसची जागा तिथे जाहिरात म्हणून येतच नाही. भाऊ इथेही नाही.

ईपीएफओची वेतनपट आकडेवारी. पीएफच्या नोंदींवरून नवे सदस्य किती, बाहेर पडलेले किती, परत आलेले किती, हे दर महिन्याला जाहीर होतं. सप्टेंबर २०१७ पासूनचे आकडे मिळतात. 'या महिन्यात अमुक लाख नोकऱ्या निर्माण' अशा बातम्या इथूनच येतात. तीन गोष्टी सांभाळा. एक, हे आकडे तात्पुरते असतात आणि नंतर बदलत राहतात. म्हणून डेटा कुठल्या तारखेला उतरवून घेतला हे लिहून ठेवा. दोन, नवा सदस्य म्हणजे नवी नोकरी असेलच असं नाही. एखाद्या आस्थापनेत २० माणसं झाली आणि कायदा लागू झाला, तर जुनेच कामगार 'नवे सदस्य' होतात. तीन, उद्योगांचे गट आपल्या मनासारखे नाहीत. 'एक्स्पर्ट सर्व्हिसेस' नावाचा एक भलामोठा गट आहे. त्यात माणसं पुरवणाऱ्या एजन्सी, सुरक्षारक्षक पुरवणारे, सगळे येतात. पुढे माझ्या भावाला शेवटी काम मिळालं ते अशाच एका एजन्सीमार्फत, कंत्राटावर. बसतो हिंजवडीत, कोड लिहितो, पण पीएफ एजन्सीच्या खात्यातून कापला जातो. म्हणजे ईपीएफओच्या तक्त्यात आयटीची भरती म्हणून तो दिसेलच याची खात्री नाही.

पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं हे सर्वेक्षण २०१७ पासून चालू आहे. इथे घरोघरी जाऊन विचारतात, म्हणून कंपनीने काय जाहीर केलं याच्याशी त्याचा संबंध नाही. माझ्या मते हा आपल्याकडचा सर्वांत भरवशाचा स्रोत. पण व्याख्या वाचल्याशिवाय हात लावू नका. 'चालू साप्ताहिक स्थिती' या पद्धतीत मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल, तरी माणूस रोजगारात धरला जातो. शिकवणी घेणारा माझा भाऊ या पद्धतीत बेरोजगार नाही. तो शिक्षण क्षेत्रातला स्वयंरोजगारित आहे! 'नेहमीची स्थिती' ही दुसरी पद्धत मागचं ३६५ दिवसांचं वर्ष बघते. त्यात त्याचा जास्त काळ काम शोधण्यात गेला म्हणून मुख्य स्थितीने तो बेरोजगार. पण ३० दिवसांहून जास्त दुय्यम काम केलंय, म्हणून मुख्य आणि दुय्यम एकत्र धरलं की परत रोजगारात.

माणूस एकच, वर्ष एकच. उत्तरं मात्र किती झाली ते मोजा. यातलं कुठलंही चुकीचं नाही. प्रत्येक स्रोत वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. चूक होते ती आपण आपला प्रश्न न ठरवता उत्तर उचलतो तेव्हा.

'टेक कामगार' म्हणजे नक्की कोण?

पीएलएफएसमध्ये प्रत्येक काम करणाऱ्याला दोन कोड असतात. एक उद्योगाचा, राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ नुसार. त्यात ६२ हा विभाग संगणक प्रोग्रॅमिंग, सल्ला आणि संबंधित कामांचा. दुसरा व्यवसायाचा, राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ नुसार. त्यात २५ हा गट माहिती व संपर्क तंत्रज्ञानातल्या व्यावसायिकांचा.

आता सांगा, आयटी कंपनीतली एचआर मॅनेजर टेक कामगार आहे का? उद्योगाने बघितलं तर हो, व्यवसायाने नाही. बँकेत किंवा गाड्यांच्या कंपनीत बसून सॉफ्टवेअर लिहिणारा? व्यवसायाने हो, उद्योगाने नाही.

पुण्यात हा फरक फार महत्त्वाचा आहे. कारण हे शहर फक्त आयटी सेवा कंपन्यांचं नाही. १९९० मध्ये देशातले पहिले तीन सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क मंजूर झाले, त्यात बेंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुणे होतं. त्याच वर्षी इथे पर्सिस्टंट सुरू झाली. पण त्याआधीपासून पिंपरी-चिंचवडला गाड्या आणि यंत्रं बनत होती. आज त्या कारखान्यांच्या जगातलं बरंच काम सॉफ्टवेअरचं झालंय. शिवाय बार्कलेज, बीएनवाय यांसारख्या बँका, जॉन डीअरसारखी यंत्रं बनवणारी कंपनी, यांची स्वतःची तंत्रज्ञान केंद्रं पुण्यात आहेत. यांना जीसीसी म्हणतात. नॅसकॉम आणि झिनोव्हच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशात अशी १,७०० हून जास्त केंद्रं आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक होते. ही केंद्रं बहुतेकदा शेअर बाजारात नोंदलेली नसतात, तिमाही कर्मचारीसंख्या जाहीर करत नाहीत. म्हणजे फक्त टीसीएस-इन्फोसिसचे आकडे बघून 'पुण्यात नोकऱ्या घटल्या' म्हटलं, तर काम एका दारातून दुसऱ्या दारात गेलं असेल ही शक्यता तुम्ही तपासलेलीच नाही.

आणि 'पुणे' म्हणजे कुठपर्यंत?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीचं, मुळशी तालुक्यातलं. हिंजवडी, माण, मारुंजी या गावांची जमीन, महापालिकेबाहेरची. तिथे काम करणारा राहतो वाकडला, म्हणजे पिंपरी-चिंचवडमध्ये, किंवा बाणेरला, म्हणजे पुणे महापालिकेत. पीएलएफएस माणसाला तो राहतो तिथे मोजतं. कंपनी आणि पीएफ त्याला आपापल्या नोंदणीच्या पत्त्यावर मोजू शकतात. आणि जो घरून काम करतोय, सांगलीत बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करतोय, तो कुणाचा?

एकाने मला सुचवलं होतं, "वाकडच्या पुलावरचं ट्रॅफिक मोजा, त्यावरून नोकऱ्या कळतील." आठवड्यातले तीन दिवस ऑफिस झाल्यापासून तेही गेलं.

नमुन्याचाही प्रश्न आहे. जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसची रचना बदलली. मासिक आकडे येऊ लागले आणि बहुतेक राज्यांत नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक झाला. जिल्ह्याचा अभ्यास करणाऱ्यांना हे चांगलं आहे. पण रचना बदलली म्हणजे आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच रेषेत जोडताना सांभाळायला हवं.

समजा तुमच्या जिल्ह्याच्या नमुन्यात कामाच्या वयाची १,००० माणसं आली आणि त्यातली ६० टेक कामगार निघाली. म्हणजे ६ टक्के. साध्या सूत्राने ९५ टक्के विश्वास-अंतर येतं साधारण ४.५ ते ७.५. पण आयटीवाले शहरात सारखे पसरलेले नसतात. वाकडची एक सोसायटी नमुन्यात आली तर एकदम वीस सापडतील, कसबा पेठेतला वाडा आला तर कदाचित एकही नाही. अशा गुच्छांमुळे चूक वाढते. संख्याशास्त्राच्या भाषेत प्रसरण दुप्पट धरलं, तर अंतर होतं सुमारे ३.९ ते ८.१. आता यंदा ६ टक्के आणि गेल्या वर्षी ७ टक्के आले म्हणून 'घट झाली' असं लिहाल का? मी लिहिलं असतं, पहिल्या वर्षी.

मग अभ्यास करायचाच नाही का?

करायचा. पण प्रश्न लहान आणि नेमका करायचा. अमेरिकेत डिसेंबर २००० पासून रिक्त जागा, भरती आणि सोडून जाणं या तिन्हींचं एकत्र मासिक सर्वेक्षण होतं. आपल्याकडे तसं सलग काही नाही. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांनी रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या असायच्या, पण आयटीतली भरती तिथून चालत नव्हती हे तुम्हाला-मला माहीत आहे. २०२१ मध्ये लेबर ब्युरोने तिमाही रोजगार सर्वेक्षण सुरू केलं, त्यात नऊ क्षेत्रांमध्ये आयटी-बीपीओही होतं, पण दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांपुरतं. म्हणजे तुकडे आहेत, पूर्ण चित्र नाही. तुकड्यांतून काढता येईल असाच प्रश्न घ्या.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी या पाच ओळी कागदावर लिहा:

१. मी साठा मोजतोय, आवक मोजतोय की विसर्ग? तिघांपैकी एकच निवडा.
२. टेक कामगार उद्योगावरून ठरवणार की व्यवसायावरून?
३. 'पुणे' म्हणजे राहण्याची जागा की कामाची? हद्द कुठली?
४. माझ्या स्रोतात कोण मुळात दिसूच शकत नाही? कंत्राटी? फ्रेशर? जीसीसी?
५. मला दिसलेला बदल माझ्या नमुन्याच्या चुकीपेक्षा मोठा आहे का?

चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. वरचा हिशेब परत बघा. गळती घटते, तेव्हा आतल्या माणसाला विशेष काही जाणवत नाही. त्याचा पगार चालू असतो, फार तर बढती लांबते. निम्म्याहून जास्त भरती थांबल्याचा फटका बसतो तो दाराबाहेर उभ्या असलेल्यांना, म्हणजे त्या दोन-तीन वर्षांच्या बॅचेसना. आणि आपले बहुतेक स्रोत आतल्यांनाच मोजतात. म्हणून 'आयटीत फक्त २ टक्के घट' हे वाक्य खरं असूनही २०२३ च्या बॅचमधल्या मुलाला ते खोटं वाटतं. चूक त्याचीही नसते आणि आकड्याचीही नसते.

मी माझा विषय बदलला तो इथे. आता मी 'पुण्यात नोकऱ्या घटल्या का' हे शोधत नाही. अभियांत्रिकीच्या एका बॅचला पदवीनंतर पहिलं पगारी तांत्रिक काम मिळायला किती महिने लागतात, आणि ते थेट मिळतं की कंत्राटावर, हे शोधतेय. डेटा मीच गोळा करतेय, फोन करून, एकेका विद्यार्थ्याला. हळू चाललंय. पण आता सरांनी विचारलं की "ही रेषा कशाची?", तर मला उत्तर देता येतं.

एक खासगी गोष्ट सांगून थांबते. तुमच्यापैकी बरेच जण 'आयटीत काही उरलं नाही' म्हणून संशोधनाकडे वळताय, हे मला मेसेजवरून कळतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तो निर्णय एखाद्या व्हायरल आलेखावरून घेऊ नका. आलेख आवकेचा आहे की साठ्याचा, ते आधी बघा. आवक घटलीय, हे खरं आहे. ती मागेही घटली आणि परत वाढली, हेही खरं आहे. फेलोशिपची पाच वर्षं मात्र तुमच्या आयुष्यातली असतात. प्रश्न आवडत असेल तर या, दार बंद दिसलं म्हणून नको.

भाऊ सध्या कंत्राटावरच आहे. परवा म्हणाला, "दिदी, तुझ्या फॉर्ममध्ये माझ्यासारख्यांसाठी रकाना कुठला?" मी रकाना वाढवला.

पुढच्या पोस्टमध्ये पीएलएफएसचा मूळ डेटा उतरवून त्यातून ६२ आणि २५ हे कोड कसे वेगळे काढायचे, ते पायरी-पायरीने दाखवीन. तोवर इन्फोसिसच्या आवकेचा हिशेब करून खाली लिहा. उत्तरं जुळवून बघू.